संगणकस्मृती परिषदा

संगणकात माहिती साठविण्याची साधने बनविणारे उद्योग, त्यांविषयी संशोधन करणारे शास्त्रज्ञ व अभियंते आणि ती साधने आपल्या यंत्रांत बसविणारे संगणकनिर्माते यांच्या ठराविक काळाने भरणाऱ्या सभांना संगणकस्मृती परिषदा असे म्हणता येईल. अशा सभांत नव्या शोधांचे निबंध वाचले जातात, नवी उत्पादने मांडली जातात आणि परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या समान प्रमाणकांविषयी विचारविनिमय करतात. या प्रकारच्या परिषदांपैकी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००६ मध्ये सुरू झालेली ‘फ्लॅश मेमरी समिट’ ही विशेष प्रसिद्ध असून २०२४ पासून ती ‘फ्यूचर ऑफ मेमरी अँड स्टोरेज’ या नावाने ओळखली जाते.

संगणकस्मृतीचा इतिहास सामान्यतः संशोधक व एकस्वे यांच्या अनुरोधाने सांगितला जातो. तो अपुरा आहे. स्मृतीचा घटक एका कंपनीने बनविला, तरी तो दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसावा लागतो आणि तिसऱ्या कंपनीच्या घटकाच्या जागी चालावा लागतो. त्यामुळे शोध लागल्यानंतर तो जाहीरपणे मांडणे, इतरांनी त्याची पारख करणे आणि अखेरीस प्रतिस्पर्ध्यांनी समान मापांवर एकमत करणे या तीन पायऱ्या ओलांडल्याशिवाय स्मृतीचा कोणताही प्रकार रूढ झालेला नाही. या पायऱ्या ज्या सभांत ओलांडल्या गेल्या, त्यांचा इतिहास म्हणजे या उद्योगाच्या जडणघडणीचाच इतिहास होय.

आरंभीच्या सभा : इलेक्ट्रॉनीय अंकीय संगणकाच्या पहिल्या पिढीत गणन करणाऱ्या मंडलांपेक्षा स्मृतीचा प्रश्न अधिक बिकट होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये ८ जुलै ते ३१ ऑगस्ट १९४६ या काळात संगणकरचनेवर एक व्याख्यानमाला झाली. ती परिषद नव्हती. परंतु निरनिराळ्या संस्थांतील निवडक अभियंते प्रथमच एकत्र येऊन संगणकाच्या बांधणीविषयी सविस्तर चर्चा करीत होते. तेथे जॉन प्रेस्पर एकर्ट (१९१९–९५) प्रभृतींनी पाऱ्याच्या विलंब नलिकेची कल्पना विशद केली. पाऱ्याने भरलेल्या नळीच्या एका टोकाचा क्वॉर्ट्‌झ स्फटिक विद्युत् स्पंदांचे ध्वनिस्पंदांत रूपांतर करतो, हे स्पंद पाऱ्यातून सावकाश प्रवास करतात, दुसऱ्या टोकाशी त्यांचे पुन्हा विद्युत् स्पंद होतात आणि ते परत पहिल्या टोकाकडे धाडले जातात. स्पंदांची मालिका अशी अखंड फिरत राहिली की, तीत दर्शविलेली माहिती टिकून राहते. या व्याख्यानमालेच्या अखेरच्या दिवसांत केंब्रिज विद्यापीठाचे मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) उपस्थित होते. त्यांनी स्वदेशी परतल्यावर बांधलेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये विलंब नलिकांच्या साहाय्याने चालू झाला. सभेत ऐकलेली कल्पना तीन वर्षांत दुसऱ्या खंडात मूर्त झाल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स (१९११–७७) व टॉम किलबर्न (१९२१–२००१) यांनी निराळा मार्ग शोधला. ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने उमटविलेले विद्युत् भाराचे ठिपके वाचून व पुनःपुन्हा ताजे करून त्यांनी माहिती साठविली. या स्मृतीवर २१ जून १९४८ रोजी साठवलेला कार्यक्रम प्रथम चालविण्यात आला. तिची क्षमता ३२ शब्दांची होती व प्रत्येक शब्द ३२ द्विमान अंकांचा, म्हणजेच बिटांचा होता. म्हणजे एकूण १,०२४ बिट. डिसेंबर १९५१ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेतील विद्युत् व रेडिओ अभियंत्यांच्या संस्थांनी पहिली संयुक्त संगणक परिषद भरविली. चालू स्थितीतील संगणकांचा आढावा घेणे हा तिचा हेतू होता आणि तेथे मँचेस्टर, केंब्रिज व मॅसॅचूसेट्स येथील यंत्रांवरील निबंध एकत्र सादर झाले. ही यंत्रे शेजारीशेजारी मांडली गेल्याने कोणती स्मृती किती जलद आहे, ती किती वेळा बिघडते व तिचा खर्च किती, यांची तुलना शक्य झाली.

अर्धसंवाहक मंडलांविषयीची परिषद १९५४ मध्ये फिलाडेल्फिया येथे व इलेक्ट्रॉन प्रयुक्तींविषयीची वार्षिक सभा १९५५ मध्ये वॉशिंग्टन येथे सुरू झाली. या दोन्ही परिषदा पुढे आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या झाल्या. आंतरराष्ट्रीय घन अवस्था मंडल परिषद आणि आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रॉन प्रयुक्ती सभा या नावांनी त्या प्रसिद्ध असून, स्मृतीविषयक बहुतेक महत्त्वाचे शोध गेल्या अर्धशतकात त्यांपैकी एकीच्या व्यासपीठावरून जाहीर झाले आहेत.

चुंबकीय गाभा स्मृती : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील व्हर्लविंड या संगणकासाठी जे फॉरेस्टर (१९१८–२०१६) यांनी फेराइटाच्या बारीक कंकणांची जाळी तयार केली. तारांच्या छेदबिंदूवर ओवलेले प्रत्येक कंकण दोहोंपैकी एका दिशेने चुंबकित करता येते व एक बिट साठविते. वीज बंद झाली, तरी चुंबकत्व टिकते. १९५३ मध्ये ही स्मृती व्हर्लविंडमध्ये बसविण्यात आली आणि पुढील सुमारे दोन दशके ती जगभर प्रमुख स्मृती म्हणून वापरात होती. तिच्या एकस्वांचा वाद दीर्घकाळ चालला. ॲन वांग (१९२०–९०) यांचे एकस्व आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये ५ लाख डॉलरांना विकत घेतले, तर फॉरेस्टर यांच्या एकस्वापोटी मॅसॅचूसेट्सच्या संस्थेस १९६४ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. स्मृतीचा एकच प्रकार सर्व उद्योगाने स्वीकारला की, त्याच्या श्रेयाचे मूल्य किती वाढते, हे या रकमांवरून दिसून येते.

भारतात या स्मृतीचा प्रवेश मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधण्यात आलेल्या संगणकाची प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये व पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये त्याचे टिफ्रॅक असे नामकरण झाले. त्याची चुंबकीय गाभा स्मृती २,०४८ शब्दांची व प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. म्हणजे तीत सुमारे ८२ हजार कंकणांची आवश्यकता होती. या यंत्राच्या अभियंत्यांना परदेशी प्रसिद्ध झालेल्या निबंधांचा आधार होता. परिषदांची प्रकाशित इतिवृत्ते ही सभेस उपस्थित नसलेल्या देशांसाठी ज्ञानाचे द्वार ठरतात, याचे टिफ्रॅक हे आपल्याकडील उदाहरण म्हणावे लागेल.

याच काळात संगणकाच्या मुख्य स्मृतीहून वेगळी अशी मोठ्या साठ्याची साधने पुढे आली. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत विकसित झालेला पहिला चुंबकीय तबकडी संच १९५६ मध्ये जाहीर झाला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून त्यांवर ५० लाख अक्षरचिन्हे मावत. या प्रयोगशाळेमुळे सॅन होझे व तिच्या शेजारचा सँता क्लॅरा परिसर माहिती साठवणुकीच्या उद्योगाचे केंद्र बनू लागला. स्मृतिविषयक परिषदा पुढे याच परिसरात स्थिरावल्या, यामागे ही पार्श्वभूमी आहे.

अर्धसंवाहक स्मृती : रॉबर्ट डेनार्ड (१९३२–२०२४) यांनी आयबीएममध्ये १९६७ च्या सुमारास एक ट्रँझिस्टर व एक विद्युत् धारित्र यांच्या जोडीत एक बिट साठविण्याची कल्पना मांडली; तिचे एकस्व १९६८ मध्ये मिळाले. इंटेल कंपनीने ऑक्टोबर १९७० मध्ये १,०२४ बिटांची गतिक स्मृती बाजारात आणली आणि फेराइटाच्या कंकणांची पीछेहाट सुरू झाली. गतिक स्मृतीतील विद्युत् भार गळून जातो व तो वारंवार ताजा करावा लागतो. वीज गेली की माहिती नष्ट होते. वीज नसतानाही माहिती राखणारी अर्धसंवाहक स्मृती हवी होती.

तिचे बीज १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डॉवन कांग (१९३१–९२) व सायमन झे (१९३६–२०२३) यांच्या निबंधात आढळते. ट्रँझिस्टराच्या नियंत्रक द्वाराखाली ऑक्साइडाच्या निरोधक थरांनी सर्व बाजूंनी वेढलेला वाहकाचा एक तुकडा ठेवला, तर त्यावर पोहोचलेले इलेक्ट्रॉन तेथे अडकून पडतात. या तुकड्यास ‘तरंगते द्वार’ असे म्हणतात. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ट्रँझिस्टर चालू होण्यास लागणारा विद्युत् दाब बदलतो व त्यावरून साठविलेला बिट ओळखता येतो. या तत्त्वावर आधारलेली, जंबुपार प्रारणाने पुसता येणारी स्मृती इंटेलमधील डोव्ह फ्रोमान यांनी १९७१ च्या घन अवस्था मंडल परिषदेत सादर केली. ती पुसण्यासाठी घटक यंत्रातून काढून त्याच्या क्वॉर्ट्‌झच्या खिडकीवर प्रकाश टाकावा लागे.

फ्लॅश स्मृती : तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका (१९४३–    ) यांनी ही अडचण दूर केली. प्रत्येक बिट स्वतंत्रपणे पुसण्याची सोय सोडून दिली आणि संपूर्ण गट एकदम विजेनेच पुसला, तर प्रत्येक कोशातील ट्रँझिस्टरांची संख्या कमी होते व स्मृती स्वस्त पडते, हा त्यांचा मूळ विचार होता. एका क्षणात सर्व काही पुसण्याच्या या क्रियेवरून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना छायाचित्रकाराच्या चमकदिव्याची आठवण झाली व त्यांनी ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. डिसेंबर १९८४ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील इलेक्ट्रॉन प्रयुक्ती सभेत मासुओका यांनी हा निबंध वाचला. १९८७ मध्ये याच परिषदेच्या वॉशिंग्टन येथील अधिवेशनात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोशांची साखळी करून जागेची आणखी बचत करणारी ‘नँड’ ही रचना सादर केली. कालांतराने तीच सर्वाधिक प्रसार पावली.

जाहीर सभेत मांडलेला शोध कोणाच्या हाती फळास येईल, हे शोधकाच्या कंपनीला ठरविता येत नाही. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या निबंधाची दखल इंटेलने तत्परतेने घेतली आणि १९८८ मध्ये मासुओका यांच्या आरंभीच्या, म्हणजे ‘नॉर’ प्रकारच्या रचनेवर आधारलेले घटक विक्रीस आणले. मासुओका यांनी १९९४ मध्ये तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात अध्यापन पतकरले. आपल्या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही, म्हणून त्यांनी २००४ मध्ये तोशिबावर दावा लावला; तो २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनच्या तडजोडीने मिटला. १९९७ मध्ये अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनीय अभियंत्यांच्या संस्थेचे लीबमान पारितोषिक व २०१८ मध्ये होंडा पारितोषिक त्यांना देण्यात आले. कंपनीच्या हिशोबात ज्या श्रेयाबद्दल वाद झाला, ते श्रेय व्यावसायिक समुदायाने मात्र परिषदेतील निबंधाच्या आधारे निःसंदिग्धपणे मान्य केले. परिषदेचे छापील इतिवृत्त हा अशा वेळी एक प्रकारचा दस्तऐवज ठरतो.

नव्या स्मृतीला ग्राहक मिळवून देण्याचे काम अनेकांनी केले. १९८८ मध्ये एली हरारी, संजय मेहरोत्रा व जॅक युआन यांनी स्थापन केलेल्या कंपनीने—जी पुढे सॅनडिस्क या नावाने प्रसिद्ध झाली—१९९१ मध्ये २० मेगाबाइट क्षमतेचा, कोणताही फिरता भाग नसलेला साठवण संच आयबीएमला पुरविला. त्याची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. कानपूर येथे जन्मलेले व काही काळ पिलानी येथे शिकलेले मेहरोत्रा २०१७ मध्ये मायक्रॉन या स्मृतिनिर्मात्या कंपनीचे प्रमुख झाले. याच कंपनीने २०२३ मध्ये गुजरातमधील सानंद येथे स्मृतिघटकांची जुळणी व चाचणी करणारा कारखाना उभारण्याची घोषणा केली.

प्रमाणीकरण व विश्वासाचा प्रश्न : कोणत्याही कंपनीचा स्मृतिघटक कोणत्याही संगणकात चालावा, यासाठी पिनांची मांडणी, विद्युत् दाब, संकेतांचा क्रम व वेग हे सर्व आधी ठरलेले असावे लागते. १९५८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली जेडेक ही संस्था हे काम करते. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते तिच्या समित्यांत एकत्र बसून प्रमाणके ठरवितात. दुप्पट वेगाच्या समकालिक गतिक स्मृतीचे प्रमाणक तिने २००० मध्ये प्रसिद्ध केले व त्याची पाचवी पिढी २०२० मध्ये जाहीर झाली. कार्डांच्या बाबतीत मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये एसडी कार्डाविषयी समझोता केला व त्याच्या प्रसारासाठी २००० मध्ये स्वतंत्र संघ स्थापन झाला.

असे सहकार्य दोन प्रकारच्या गैरवापराला वाव देते. पहिला एकस्वांविषयीचा. रँबस ही कंपनी १९९१ पासून १९९६ पर्यंत जेडेकच्या समित्यांत सहभागी होती. ज्या बाबी प्रमाणकांत अंतर्भूत होत होत्या, त्यांवरील आपल्या एकस्वांच्या हक्कांची माहिती तिने सभासदांना दिली नाही, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००२ मध्ये केला. २००६ मध्ये आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. परंतु २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरविला. कायद्याच्या दृष्टीने कंपनी सुटली, तथापि समितीत बसणाऱ्याने काय उघड करावे, हा प्रश्न सर्व प्रमाणक संस्थांपुढे ठळकपणे उभा राहिला.

दुसरा गैरवापर किंमतींविषयीचा. गतिक स्मृतीच्या काही प्रमुख उत्पादकांनी १९९९ ते २००२ या काळात आपापसांत संगनमत करून किंमती ठरविल्याचे अमेरिकेच्या न्याय खात्याच्या चौकशीत उघड झाले. इन्फिनिऑनला २००४ मध्ये १६ कोटी, तर हायनिक्स व सॅमसंग यांना २००५ मध्ये अनुक्रमे १८·५ कोटी व ३० कोटी डॉलर दंड भरावा लागला. घटकाचे माप ठरविण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येणे ग्राहकाच्या हिताचे असते. घटकाचा भाव ठरविण्यासाठी एकत्र येणे त्याच ग्राहकाची फसवणूक ठरते. यामुळेच प्रमाणक समित्यांच्या बैठकीत किंमतींची चर्चा वर्ज्य मानली जाते, तर शोध, मापे व उत्पादने यांची चर्चा खुल्या परिषदांत होते. या दोन सभांमधील सीमा स्पष्ट ठेवण्यावर उद्योगाची विश्वासार्हता अवलंबून आहे.

सँता क्लॅरा येथील परिषद : संगणकांविषयीच्या सर्वसाधारण मोठ्या परिषदा कालांतराने मावळल्या. १९५१ च्या संयुक्त परिषदेची परंपरा चालविणारी अमेरिकेतील राष्ट्रीय संगणक परिषद १९८७ नंतर भरली नाही. लास व्हेगस येथील कॉमडेक्स हे प्रचंड प्रदर्शन २००३ नंतर बंद पडले. त्यांची जागा विशिष्ट विषयाला वाहिलेल्या परिषदांनी घेतली. २००६ मध्ये फ्लॅश मेमरी समिट सुरू झाली, तेव्हा फ्लॅश स्मृती कॅमेऱ्यांच्या कार्डांतून बाहेर पडून खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांत पोहोचली होती व संगणकातील चुंबकीय तबकडीची जागा घेण्याच्या उंबरठ्यावर होती. त्याच वर्षी नँड स्मृतीच्या जोडणीचे प्रमाणक ठरविण्यासाठी काही कंपन्यांचा गट स्थापन झाला. परंतु सॅमसंग व तोशिबा या दोन मोठ्या उत्पादकांनी त्यात सामील न होता आपली वेगळी पद्धती पुढे आणली. एकमत हे नेहमी पूर्ण असतेच असे नाही, हे यावरून लक्षात येते.

ही परिषद साधारणतः ऑगस्ट महिन्यात तीन दिवस सँता क्लॅरा येथे भरते. प्रमुख कंपन्यांची बीजभाषणे, तांत्रिक सत्रे व प्रदर्शन असे तिचे स्वरूप आहे. केवळ शास्त्रज्ञांच्या परिषदेहून ती भिन्न असून उत्पादक, नियंत्रक घटकांचे निर्माते, चाचणीयंत्रे बनविणारे व ग्राहक अशी संपूर्ण साखळी तीत एकत्र येते. जीवनगौरव पुरस्काराच्या रूपाने आरंभीच्या संशोधकांची दखलही ती घेते. तरंगत्या द्वाराचे सहसंशोधक झे यांना तो २०१४ मध्ये देण्यात आला.

या परिषदेच्या व्यासपीठावर ज्या स्थित्यंतराचे पडसाद सर्वाधिक उमटले, ते म्हणजे स्मृतीची उंचीच्या दिशेने झालेली वाढ. कोश लहान करीत गेल्याने त्यांतील इलेक्ट्रॉनांची संख्या घटते व शेजारच्या कोशांचा परस्परांवर परिणाम होतो. ही मर्यादा जवळ येताच कोश एकावर एक रचण्याचा विचार पुढे आला. तोशिबाच्या संशोधकांनी २००७ मध्ये क्योटो येथील परिसंवादात अशी रचना सादर केली. प्रत्यक्ष उत्पादनाची घोषणा सॅमसंगने ऑगस्ट २०१३ मध्ये केली व त्याच महिन्यात सँता क्लॅरा येथे ती मांडली. तिच्या घटकात २४ थर होते. याच परिषदेत एसके हायनिक्स कंपनीने २०२२ मध्ये २३८ थरांचा व २०२३ मध्ये ३२१ थरांचा नमुना जाहीर केला. २०१९ मध्ये बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर एक टेराबाइट, म्हणजे सुमारे आठ लाख कोटी बिट, साठविणे शक्य झाले होते. मँचेस्टरच्या नलिकेवरील १,०२४ बिटांशी तुलना केली असता सात दशकांतील प्रगतीचा आवाका ध्यानी येतो.

परिषदेच्या इतिहासात विघ्नेही आली. ८ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे प्रदर्शनाच्या दालनात आग लागली. त्यामुळे त्या वर्षीचे संपूर्ण प्रदर्शन रद्द करावे लागले. भाषणे व तांत्रिक सत्रे मात्र पार पडली. कोविड महामारीमुळे २०२० चे अधिवेशन दूरस्थ पद्धतीने झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये प्रतिनिधी पुन्हा सँता क्लॅरा येथे जमले. त्या अधिवेशनात प्रक्रियक व स्मृती यांना जोडणाऱ्या प्रतिस्पर्धी पद्धतींपैकी ओपनकॅपी ही पद्धती सीएक्सएल या पद्धतीच्या संघात विलीन करण्याचा निर्णय जाहीर झाला व सीएक्सएलची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

फसलेले प्रयत्न : परिषदेत गाजलेली प्रत्येक स्मृती टिकते असे नाही. चुंबकीय बुडबुडा स्मृती बेल प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निर्माण झाली व तबकडीची जागा घेईल, अशी तिच्याविषयी अपेक्षा होती. १९७९ मध्ये इंटेलने दहा लाख बिटांचा बुडबुडा घटक आणला. पण १९८१ मध्येच टेक्सस इन्स्ट्रुमेंट्ससह काही कंपन्यांनी हा व्यवसाय सोडला. एकीकडे गतिक स्मृती व दुसरीकडे तबकड्या अधिक वेगाने स्वस्त होत गेल्या आणि मधली जागा उरली नाही. इंटेल व मायक्रॉन यांनी जुलै २०१५ मध्ये जाहीर केलेल्या ‘थ्रीडी क्रॉसपॉइंट’ या स्मृतीची कथा याच वळणाची आहे. गतिक स्मृतीहून स्वस्त व फ्लॅशहून पुष्कळ जलद असा तिचा लौकिक होता. मायक्रॉनने २०२१ मध्ये व इंटेलने जुलै २०२२ मध्ये तिच्यातून अंग काढून घेतले. गुणधर्म उत्तम असूनही मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाने येणारी स्वस्ताई तिला लाभली नाही. तिचे उत्पादनही या दोन कंपन्यांपुरतेच मर्यादित होते. अनेक उत्पादकांनी स्वीकारलेले समान प्रमाणक नसेल, तर ग्राहक एका पुरवठादारावर विसंबून राहण्यास कचरतो, हे कारणही महत्त्वाचे आहे.

२०२४ मध्ये परिषदेच्या नावातून ‘फ्लॅश’ हा शब्द वगळण्यात आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना लागणारी, गतिक स्मृतीचे घटक एकावर एक रचून केलेली उच्च वेगाची स्मृती, सीएक्सएलसारख्या जोडण्या, चुंबकीय तबकड्या व फिती असे सर्वच विषय तिच्या कक्षेत आले होते. एका पदार्थाच्या नावाने सुरू झालेली सभा सर्व प्रकारच्या साठवणुकीची सभा बनली.

सामाजिक महत्त्व : या परिषदा व समित्या यांतील निर्णय तांत्रिक वाटले, तरी त्यांचा परिणाम समाजाच्या एकूण स्मृतीवर होतो. फ्लॅश कोशातील विद्युत् भार काळाच्या ओघात गळतो. म्हणून वीजपुरवठा नसताना माहिती किती काळ टिकावी, याची किमान मर्यादा जेडेकने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकात ठरविली आहे. वापराची निर्धारित मर्यादा संपलेल्या वैयक्तिक संगणकाच्या संचासाठी ती ३० से. तापमानास एक वर्ष, तर मोठ्या आस्थापनांतील संचासाठी ४० से. तापमानास तीन महिने इतकी आहे. घरोघरची छायाचित्रे, कार्यालयांची दप्तरे, न्यायालयांचे निवाडे व ग्रंथालयांचे संग्रह ज्या साधनांवर जात आहेत, त्यांच्या टिकाऊपणाची ही मोजमापे आहेत. पण ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असतात.

माध्यम टिकले, तरी ते वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही. १९७१ मध्ये आयबीएमने आणलेल्या लवचिक तबकडीचा वारसा चालविणाऱ्या साडेतीन इंची तबकडीची जपानमधील विक्री सोनी कंपनीने २०११ मध्ये थांबविली. त्यांवरील लेखन नष्ट झाले नव्हते. ते वाचण्याची साधने बाजारातून गेली. ताम्रपटावरील दानपत्र हजार वर्षांनी सापडले, तरी लिपी जाणणाऱ्याला ते डोळ्यांनी वाचता येते. संगणकीय साठ्याला ही सोय नाही. त्याचे जतन करावयाचे, तर ठराविक काळाने तो नव्या माध्यमावर उतरवून घेणे, एकाहून अधिक प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे आणि ज्यांची प्रमाणके खुली व अनेक उत्पादकांनी मान्य केलेली आहेत, अशीच माध्यमे निवडणे, हेच उपाय उरतात. दीर्घकालीन संग्रहासाठी चुंबकीय फीत टिकून राहिली, याचेही एक कारण असेच आहे : २००० मध्ये बाजारात आलेल्या एलटीओ फितीचे प्रमाणक आयबीएम, ह्यूलेट-पॅकार्ड व सीगेट या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन ठरविले होते.

यामुळे संगणकस्मृती परिषदांकडे केवळ उत्पादकांचा बाजार म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. कोणते माध्यम वाढेल, कोणते मागे पडेल व साठविलेली माहिती किती काळ वाचता येईल, हे बहुतांशी तेथील घोषणा व समझोते यांवरून ठरत आले आहे. या सभांत उत्पादकांचे व मोठ्या ग्राहकांचे प्रतिनिधित्व पुरेसे असते. अभिलेखागारे, ग्रंथालये व सार्वजनिक संस्था यांचा आवाज तेथे क्षीण असतो. माहितीचे दीर्घकाळ जतन करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या संस्थांनी अशा प्रमाणकांच्या निश्चितीत सहभाग घेणे अगत्याचे आहे.